जालना रोडवरून बेथेलला

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे सगळे औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके होते आणि परतूर परभणीत होता. कॅथलिक चर्चचा औरंगाबाद धर्मप्रांत मात्र १७ डिसेंबर १९७७ ला जाहीर झाला, म्हणजे तो जिल्ह्यापेक्षा तीन वर्षांनी थोरला. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या रस्त्याने आयुष्यभर एसटीने ये-जा केली, त्याच रस्त्यावर, औरंगाबाद शहराच्या जालना रोडवर, त्या धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं. शेजारच्या त्याच नावाच्या शाळेला शहरातली माणसं नुसतं ‘एसएफएस’ म्हणतात. मुलाच्या प्रवेशासाठी तिथं रांगेत उभे राहिलेले कितीतरी पालक माझ्या ओळखीचे आहेत, पण या इमारतीतून अख्ख्या मराठवाड्याचा एक धर्मप्रांत चालतो, हे त्यांच्यातल्या एकाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. मलाही ते कळलं ते भलत्याच वाटेने. सहारा वाळवंटाबद्दल वाचता वाचता.

धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा मुलूख. त्यातल्या एकेका चर्चच्या परिसराला धर्मग्राम म्हणतात. आपल्याकडे वसईत किंवा मुंबईत तासाभराच्या चालीत चार-पाच धर्मग्राम लागतात. अल्जिरियाच्या दक्षिणेला लाघुआत नावाचा धर्मप्रांत आहे, तिथं हा हिशोब मोडून पडतो. त्याचं क्षेत्रफळ आहे सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर. सगळा भारत ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचा, त्याचे जवळजवळ दोन तृतीयांश. आणि एवढ्या पसाऱ्यात कॅथलिक माणसं एखाद्या मोठ्या गावाइतकी. नाव लाघुआतचं असलं तरी बिशप राहतात घर्दाया शहरात. घर्दाया म्हणजे मझाब खोऱ्यातली ती पाच जुनी तटबंदीची गावं, ज्यांना युनेस्कोने १९८२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वर्षाकाठी तिथं शंभर मिलीमीटरही पाऊस पडत नाही. पण शेकडो वर्षं त्या लोकांनी विहिरी, बांध आणि पाटांची अशी व्यवस्था ठेवली की क्वचित आलेला पूर खजुराच्या बागांना वाटून घेता येतो. कोणाच्या वाट्याला किती पाणी, हे दगडात कोरलेल्या खाचांवरून ठरतं.

त्या मुलखात पांढऱ्या कपड्यातले धर्मगुरू आले ते एकोणिसाव्या शतकात. अल्जीयर्सचे आर्चबिशप लाव्हिजरी यांनी १८६८ मध्ये एक संघ काढला. त्याच्या सदस्यांनी अरबी शिकायची, अरबांसारखा पांढरा झगा घालायचा आणि लोकांसारखं खायचं-राहायचं, असा दंडक होता. त्यामुळे त्यांना ‘श्वेत धर्मगुरू’ हेच नाव पडलं. सहारा ओलांडायला निघालेल्या त्यांच्या पहिल्या दोन तुकड्या, १८७६ ची आणि १८८१ ची, वाटेतच मारल्या गेल्या. पुढे शार्ल द फूको आले. एकेकाळी फ्रेंच घोडदळात अधिकारी, घरचे उमराव. ते तामनरासेतला तुआरेग लोकांत जाऊन राहिले, त्यांच्या भाषेचा मोठा शब्दकोश केला, त्यांच्या कविता लिहून घेतल्या आणि १ डिसेंबर १९१६ रोजी त्यांचा तिथंच खून झाला. त्यांनी एकाही तुआरेगला आपल्या धर्मात आणलं, असं सांगता येत नाही. तरी १५ मे २०२२ ला रोममध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं. मला ही गोष्ट मोठी वाटली. माणसाचं मोल त्याच्या मागे किती आले यावर न मोजता, तो कोणाजवळ जाऊन राहिला यावर मोजलं गेलं.

लाघुआतला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला १९५५ साली. आणि योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे नागपूर धर्मप्रांतातून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला, ज्याच्यातून पुढे बावीस वर्षांनी औरंगाबादचा निघाला. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं. आपला हा धर्मप्रांत आकाराने सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे अख्खा मराठवाडा. लाघुआतसमोर तो पिल्लू आहे. पण कॅथलिक माणसांची विरळ वस्ती, लांबलांबची चर्चं आणि पाण्याची वानवा या तीन गोष्टी सारख्या आहेत. म्हणून ठरवलं, सहाराला जाणं काही आपल्या हातात नाही, पण जालन्याला तर रोज गाडी आहे.

रविवारी सकाळी लवकर जालना रोडवरच्या चर्चमध्ये गेलो. मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू होती. बाहेर पायऱ्यांपाशी दुचाकींची रांग, आत बायका डोक्यावर पदर घेऊन. बायबलमधला उतारा वाचणारी मुलगी दहावी-बारावीची असेल, तिचे उच्चार स्वच्छ मराठवाडी. ‘शांती असो’ म्हणून माणसं एकमेकांकडे वळून हात जोडत होती, तेव्हा शेजारच्या बाबांनी मलाही हात जोडले आणि मग विचारलं, “नवीन दिसताय, कोणत्या गावचे?” मी ख्रिस्ती नाही, पाहायला आलोय, असं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग तर बसाच. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

ज्यांच्या नावाचं हे चर्च, ते फ्रान्सिस डी सेल्स सोळाव्या-सतराव्या शतकातले जिनिव्हाचे बिशप. पण जिनिव्हात त्यांना राहता आलं नाही, कारण ते शहर प्रोटेस्टंटांच्या ताब्यात होतं. ते आल्प्सच्या पायथ्याशी आनसी गावात राहिले. लोक प्रवचनाला येईनात तेव्हा त्यांनी छोटी पत्रकं लिहून दारांच्या फटीतून आत सरकवायला सुरुवात केली. म्हणून १९२३ मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं. आमच्या धंद्याचा संत आमच्याच शहरात, आमच्याच रस्त्यावर बसलेला, आणि आम्हाला पत्ता नाही!

आनसीमध्येच १८३८ साली त्यांच्या नावाचा धर्मगुरूंचा संघ निघाला आणि १८४५ च्या सुमारास त्यातले पहिले लोक विशाखापट्टणमला उतरले. तिथून त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख थेट नागपूरपर्यंत आणि निजामाच्या राज्यापर्यंत पसरला होता. कामठी, औरंगाबाद, जालना ही त्यांच्या वाटेवरची लष्करी ठाणी. छावणीतले आयरिश आणि मद्रासी कॅथलिक शिपाई हेच सुरुवातीला त्यांचे लोक. बैलगाडीने, घोड्यावर, कधी पायी, महिनोन्‌महिने प्रवास करून एखादा धर्मगुरू यायचा, बारसं, लग्न, मयत उरकायचा आणि पुढे निघायचा. गावांत काम सुरू झालं ते शतकाच्या अखेरीस, औरंगाबाद जिल्ह्याच्या पश्चिमेला घोगरगावच्या बाजूला. तिथं ख्रिस्ती झाले ते मुख्यतः तेव्हाचे महार आणि मांग. जमिनी नव्हत्या, पाणवठे बंद होते, दुष्काळ पाठोपाठ येत होते. धर्मगुरू वर्षातून चार वेळा येणार, तर रोजचं काम पाहायचा तो गावातला प्रचारक. त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. तोच प्रार्थना घ्यायचा, तोच पोरांना अक्षरं शिकवायचा आणि तोच कोर्टकचेरीचे कागद वाचून दाखवायचा. मराठवाड्यातल्या कितीतरी दलित घरांत पहिली पाटी या मास्तरांच्या हातून आली. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेत उर्दू, आणि मास्तरांच्या झाडाखालच्या शाळेत मराठी. मराठीसाठी हे फार मोठं काम झालं, असं माझं स्पष्ट मत आहे आणि मराठी भाषेच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी.

जालना रोडने पुढे निघालो. चिकलठाण्याचं विमानतळ, शेंद्र्याचे कारखाने, करमाड, मग बदनापूर. साठ-बासष्ट किलोमीटरच्या या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापूस आणि मोसंबी. मराठवाड्याला उगाच वाळवंट म्हणणं बरोबर नाही. जालन्यात वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलीमीटर पाऊस पडतो, घर्दायाच्या कितीतरी पट. पण तो येतो तेव्हा धो धो येतो, आणि येत नाही तेव्हा दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. २०१२-१३ ला याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पंधरा-पंधरा वर्षं पोराबाळांसारखी वाढवलेली झाडं लोकांनी कुऱ्हाड लावून सरपणाला दिली. शहरात पंधरा दिवसांनी नळ यायचा. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला, तेव्हा जालनेकरांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला आणि तो गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने शेतात नेला. मझाबच्या लोकांनी हे ऐकलं तर त्यांना आपलेच भाऊबंद भेटल्यासारखं वाटेल.

जालना, सोन्याचा पालना, असं जुनी माणसं म्हणतात. ते व्यापारामुळे. बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने, मोंढा. कुंडलिका नदी मधून जाते, एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद म्हणजे नवा जालना. इंग्रजांचा संबंध आला तो १८०३ मध्ये. त्या सप्टेंबरात आधी जालन्याचा किल्ला त्यांनी घेतला आणि मग २३ तारखेला भोकरदनच्या बाजूला असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. १८२७ मध्ये जालन्याला पक्की छावणी बांधली गेली आणि १९०३ पर्यंत इथं फौज होती.

छावणी गेली, तिची चर्चं आणि कबरी राहिल्या. ख्राइस्ट चर्च हे त्या काळातलं, इंग्रजी राजधर्माचं. आता ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि तिथली उपासना मराठीत चालते. जुन्या दफनभूमीत मी अर्धा तास होतो. बाभळी आणि घाणेरी माजलेली. बऱ्याच दगडांवरची अक्षरं पावसाने खाल्लेली. एका हातभर लांबीच्या कबरीवर नाव पुसलं होतं, तारीख पुसली होती, आणि शेवटच्या ओळीत फक्त वय वाचता येत होतं, तेही महिन्यांत. पटकी, हिवताप, हगवण. या मुलखाने परक्यांची लेकरंही तशीच नेली जशी आपली नेली. मी त्या दगडावरची माती हाताने झाडली. खाली मुंग्यांनी वारूळ केलं होतं, म्हणून थांबलो.

जालना मिशन हॉस्पिटलचं नाव जिल्ह्यातल्या कुठल्याही साठीच्या बाईला विचारा. “आमच्या घरातलं बाळंतपण मिशनमध्येच झालं,” असं हमखास ऐकायला मिळतं. हे हॉस्पिटल आणि जालन्याजवळचं बेथेल गाव ही दोन्ही स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनची, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक धर्मप्रांत शोधायला निघालेला मी बेथेलला का गेलो, याचं उत्तर असं की जालन्याच्या ख्रिस्ती माणसाची गोष्ट नारायण शेषाद्रींना वगळून सांगताच येत नाही. तिथं पंथाची भिंत मध्ये घालणं म्हणजे गोष्ट अर्धी सांगणं.

नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. तो अल्पवयीन होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मग प्रश्न उभा राहिला की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणाले. सनातन्यांनी त्यांच्याविरुद्ध काहूर माजवलं. मुंबईच्या ब्राह्मण समाजात उभी फूट पडली. मराठी प्रबोधनाच्या पुस्तकांत हे श्रीपत शेषाद्री प्रकरण सगळीकडे येतं. थोरल्या भावाचं पुढे काय झालं, ते मात्र कुठं येत नाही. तो जालन्याला आला.

१८५४ मध्ये नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १८६० च्या दशकात त्यांनी जालन्याला मुक्काम हलवला. शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांशी वाद घालण्यात त्यांचं तरुणपण गेलं होतं. इथं त्यांच्यासमोर बसले ते मांग आणि महार. एका ब्राह्मण घरातला माणूस मांगवाड्यात जाऊन जेवतो, ही १८६० च्या मराठवाड्यात काय गोष्ट असेल, याची आज आपल्याला कल्पना करता येणार नाही. जोतीराव फुल्यांनी पुण्यात घरचा हौद खुला केला तो १८६८ मध्ये. त्याच सुमारास नारायणराव निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडे जमीन मागत होते. त्यांना कळून चुकलं होतं की ख्रिस्ती झालेल्या माणसाला गावात पाणी बंद, काम बंद, बलुतं बंद. तो नुसत्या प्रार्थनेवर कसा जगेल? त्याला स्वतःचं शेत हवं, स्वतःची विहीर हवी. सालारजंगांनी जमीन दिली, काही वर्षांचा सारा माफ केला, आणि शहरापासून तीनेक मैलांवर नवं गाव बसलं. नाव ठेवलं बेथेल. हिब्रूत त्याचा अर्थ ‘देवाचं घर’. वाळवंटात उशाला धोंडा घेऊन झोपलेल्या याकोबाने सकाळी उठून त्या जागेला दिलेलं नाव.

या गावासाठी पैसे उभे करायला नारायणराव १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या एका जागतिक ख्रिस्ती सभेत बोलले. डोक्यावर पागोटं, अंगात आपला पोशाख आणि अस्खलित इंग्रजी. ते जालन्याच्या मांगांबद्दल बोलले. मराठी माणसांच्या अमेरिकेच्या वाऱ्या आपण मोजतो तेव्हा ही मोजत नाही. १८९१ साली त्यांचं निधन झालं.

बेथेलला पोचलो तेव्हा उपासना सुटायला आली होती. बाहेर चपलांचा ढीग. आतून पेटी आणि ढोलकीच्या साथीवर ‘उपासना-संगीत’ या पुस्तकातलं भजन ऐकू येत होतं. या पुस्तकातली कितीतरी पदं रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत, त्यामुळे चाल ओवी-अभंगांना जवळची, टाळ तेवढा नव्हता. बाहेर कडुनिंबाखाली एक आजी बसल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून आत बसवत नाही त्यांना. मी वाकून नमस्कार केला. “जय ख्रिस्त, बाबा,” त्या म्हणाल्या, “कुठून आलास? पानी पी आधी.”

त्यांनी पाणी दिलं ते तांब्यातून, आणि मी प्यायला सुरुवात केल्यावर म्हणाल्या, “आमच्या सासऱ्याच्या टायमाला बाहेरगावच्या लोकांनी आमच्या हातचं पानी घेतलं नसतं. म्हून तर विहीर आधी खंदली आन् देऊळ मागून.” चर्चला त्या देऊळच म्हणतात. ही विहीर मग त्यांच्या नातवाने दाखवली. आता तिच्यावर मोटर आहे. कठड्याच्या आतल्या बाजूला दोरांनी पडलेल्या खाचा होत्या. बोट फिरवलं तर खाच अर्धा इंच खोल लागते. मझाबच्या दगडातल्या खाचा पाणी मोजायला मुद्दाम कोरलेल्या. या नुसत्या ओढून ओढून पडलेल्या. मी आजींना विचारलं, दुष्काळात आटली का? “बहात्तरला आटली. तेराला आटली. टँकर यायचा. पर माझ्या सासूच्या टायमाला या हिरीनं तीन गावं जगवली म्हनं.” ते खरं किती, आठवणीतलं किती, मी विचारत बसलो नाही. आजींच्या घरी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, तिखटाचा गोळा आणि दह्याची वाटी असं जेवलो. भिंतीवर येशूचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा, आणि खाली नातीच्या दहावीच्या गुणपत्रिकेची लॅमिनेट केलेली प्रत.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लाघुआतमधले कॅथलिक बहुतेक बाहेरचे. परदेशातून आलेले धर्मगुरू, धर्मभगिनी, तेलविहिरींवरचे कामगार, सहाराच्या दक्षिणेकडून शिकायला किंवा पोटासाठी आलेली माणसं. तिथलं चर्च स्वतःला पाहुणा म्हणवतं, आणि ते खरं आहे. मराठवाड्यातला ख्रिस्ती माणूस पाहुणा नाही. तो इथलाच आहे, इथल्याच मातीतला, इथल्याच बोलीतला, शेजाऱ्याच्याच भावकीतला. तरी त्याला पाहुण्यासारखं वागवलं जातं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार दलित ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांचा प्रश्न तसाच राहिला. न्यायमूर्ती बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने २०२२ मध्ये त्यावर आयोग नेमला. तोवर पिढ्या गेल्या. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने त्या घराची शिवाशिव सोडली असं कुठं झालं नाही, पाणवठ्यावर तीच वागणूक, आणि सरकारी कागदावर मात्र जात गेली. त्यामुळे अनेक घरांनी कागदावर एक आणि घरात एक असं ठेवलं. त्यांना दोष देणं मला जमणार नाही. पण याचा एक परिणाम असा झाला की या माणसांचा इतिहास कुठल्याच दप्तरात नीट उमटला नाही. खानेसुमारीत आकडा कमी, शाळेच्या दाखल्यावर निराळी नोंद, गावच्या इतिहासात उल्लेख नाही.

उमटला आहे तो एकाच ठिकाणी. चर्चच्या रजिस्टरात. बाप्तिस्मा, लग्न, मयत. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, धंदा, साक्षीदार. मोडी येणाऱ्या मास्तरांनी बोरूने लिहिलेल्या वह्या, पुढे शाईच्या, पुढे बॉलपेनच्या. दुष्काळाच्या वर्षी पानामागून पान मयतींचं असतं. जात लिहिलेली असते, धंदा लिहिलेला असतो, कोणत्या गावाहून लोक उठून आले ते लिहिलेलं असतं. मराठवाड्यातल्या गरीब दलित घराण्यांची चार-पाच पिढ्यांची अशी सलग नोंद दुसऱ्या कुठल्या कागदात सापडेल, असं मला वाटत नाही. आणि या वह्या लोखंडी कपाटात, कधी पत्र्याच्या पेटीत, वाळवीच्या दयेवर आहेत. कॅथलिकांच्याही, प्रोटेस्टंटांच्याही.

घर्दायात श्वेत धर्मगुरूंनी एक काम केलं आहे. सहाराविषयीची पुस्तकं, नकाशे, जुनी कागदपत्रं, छायाचित्रं यांचं संदर्भालय उभं केलं. चर्चमध्ये येणारी माणसं तिथं मोजकी, पण संदर्भालयात येणारी घर्दायाची स्थानिक मुसलमान मुलं पुष्कळ. आपल्या मुलखाचा अभ्यास करायला ती तिथं जातात. त्या विराण मुलखात एका लहानशा चर्चने लोकांसाठी करावं असं हे काम मला सगळ्यात जास्त आवडलं.

बेथेलहून परत निघताना आजींनी पिशवीत चार मोसंबी टाकली. नातवाने बसथांब्यापर्यंत दुचाकीवर सोडलं. तो औरंगाबादच्या विद्यापीठात इतिहासात एम.ए. करतो आहे. बेथेलवर लघुप्रबंध कर, असं मी त्याला म्हणालो. “सर, कागदपत्रं कुठून आणू?” त्याने विचारलं. “तुझ्या आजीच्या घरापासून,” मी म्हणालो. तो म्हणाला, घरात पणजोबांच्या लग्नाचा दाखला आहे, पण घडीवर फाटलाय.

म्हणून मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे. घरातला जुना बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा कागद, मास्तर आजोबांची वही, मिशनच्या शाळेचा ग्रुप फोटो, जे असेल ते एकदा बाहेर काढा. मोबाइलवर नीट उजेडात त्याचा फोटो घ्या, मागे नावं आणि गाव लिहा. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना, मंडळीच्या पाळकांना भेटून रजिस्टरांच्या प्रती करायची गोष्ट काढा. विद्यापीठाच्या इतिहास विभागांनी आणि जालन्याच्या महाविद्यालयांनी यात हात द्यावा. आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी करा, कारण पत्र्याच्या पेटीतली ओल एका पावसाळ्यात सगळं संपवते.

मोसंबी गोड निघाली. तीन महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला. दाखल्याचा फोटो काढला म्हणाला. तारीख वाचता येते, १९०८. पणजोबांचा धंदा लिहिलाय, विहीर खोदणारा.